हताशा कोणाला परवडते?

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदी काठच्या वस्त्यांत शिरली. पाऊस निसर्गाचा खरा. परंतु खाडीकाठची दलदल बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभारण्याचा निर्णय माणसांचा होता. भरावाचा नफा एकाच्या खाती, पुराचा खर्च दुसऱ्याच्या माथी!

हवामानबदलापुढे आता इलाज नाही, असे म्हणणाऱ्याचे घर बहुधा वरच्या मजल्यावर असते. वांद्रे पूर्वेच्या सखल वस्तीतील कष्टकऱ्याला ही चैन परवडत नाही. तिवरांची तोड उच्च न्यायालयाने 2005 सालीच रोखली, 2018 मध्ये बंदी कायम केली, ती नागरिक चिकाटीने लढले म्हणून. पुढचा भराव कोणाच्या सहीने पडतो, हे विचारायला पावसाळ्याआधीच कचेरीत जावे लागेल.