आत्याच्या वतीने उत्तर देऊ नका!

मी बोलतोय नाशिकहून, आपल्या द्वारका सर्कलजवळून. मागे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. आज माझीच एक चूक सांगतो.

गेल्या वर्षी आत्याचं डोकं एका क्षणात असह्य दुखायला लागलं. उलट्या झाल्या, मान आखडली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं. अँजिओग्राफीत कारण कळलं: अ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीच्या कमजोर भिंतीला आलेला फुगा. तो फुटला होता.

ऑपरेशनआधी डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काकू, आत्ता आपण कुठे आहोत?"

आत्या म्हणाली, "द्वारकेला, पुलाखाली."

मी मध्येच, "अगं आत्या, हॉस्पिटलमध्ये!"

मॅडम म्हणाल्या, "दादा, तुम्ही सांगू नका. त्या काय बोलतात तेच मला हवंय."

मला वाटलं होतं, धीर द्यायला गप्पा मारतायत. पण ती तपासणी होती. ग्लासगो कोमा स्केल, १९७४ पासूनची. डोळे उघडण्याला ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. पूर्ण शुद्धीत १५, कमीत कमी ३. उत्तर गोंधळलेलं, म्हणून आत्याचा एक गुण गेला: १४. हातपाय नीट हलत होते, म्हणून १९८८ च्या डब्ल्यूएफएनएस प्रतवारीत ग्रेड २. हात किंवा पाय लुळा असता तर ग्रेड ३. सगळ्यात वाईट ग्रेड ५. ग्रेड जितकी वरची, तितका धोका जास्त.

ही ग्रेड, वय, फुग्याची जागा आणि आकार, सगळं बघून ठरतं: कवटी उघडून क्लिप लावायची, की मांडीच्या धमनीतून तार नेऊन कॉइल भरायची. आणि ऑपरेशननंतर पेशंट सुधारला की बिघडला, हे आधीच्याच नोंदीशी ताडून बघतात. आपण प्रेमापोटी उत्तर पुरवलं, तर ती नोंदच खोटी. आमच्या भाषेत, लॉगच चुकीचा. मग बग सापडणार कसा?

म्हणून लक्षात ठेवा. असं अचानक डोकं फुटल्यासारखं दुखलं, तर गोळी देऊन वाट बघू नका, १०८ लावा. दुखणं किती वाजता सुरू झालं ते मोबाईलवर लिहा. शुद्ध हरपली होती का, बोलणं अडखळलं का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तेही लिहा. आणि डॉक्टर पेशंटला विचारत असतील, तेव्हा आपण गप्प.

कॉइल घातल्यावर तिसऱ्या दिवशी मॅडमनी तोच प्रश्न विचारला. आत्या म्हणाली, "हॉस्पिटलात. आणि ह्याला बाहेर काढा, फार बोलतो."

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!