मुलांचे पाठदुखणे आणि शस्त्रक्रियेची भीती

(वार्षिक संमेलनातील भाषण)



भोर-वेल्ह्याच्या आपल्या डोंगरी मुलखात भाताचा भारा, सरपणाची मोळी आणि पाण्याचा हंडा लहान वयातच मुलांच्या डोक्यावर येतो. पोर पाठ धरून बसले, की ‘कामाचा कंटाळा’ असे आपण म्हणून मोकळे होतो. आमच्या घरातील एका मुलास लावणीच्या दिवसांत आम्हीही असेच बोललो. महिन्याने त्याचे पाऊल घसटू लागले, तेव्हा आमची चूक आम्हांस उमगली.

दोन मणक्यांमध्ये मऊ गाभ्याची चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. हा गाभा सरकून नसेवर दाब आला, म्हणजे कमरेपासून पायापर्यंत कळ जाते. कोवळ्या वयात हे दुखणे विरळा. तरी पडल्याने, खेळातील इजेने वा ओझ्याने ते होऊ शकते. पाठ ताठरते, चाल एका बाजूस कलते, उताणे निजून सरळ पाय उचलवत नाही.

गादी नसेवर दाबते आणि तो भाग काढल्यास आराम पडतो, हे १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनी दाखवून दिले. तथापि प्रत्येक मुलास शस्त्रक्रिया लागत नाही. प्रथम काही आठवडे ओझे व खेळ बंद, औषध आणि व्यायाम, हाच मार्ग. त्याने गुण न आला किंवा पायातील शक्ती घटू लागली, तर एमआरआय करून शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीत नसेवर दाबणारा तुकडा तेवढा काढतात; मणके जोडण्याची गरज सहसा पडत नाही. जंतुदोष, नसेस इजा, गादी पुन्हा सरकणे हे धोके आहेतच. ते शस्त्रवैद्यांस निःसंकोच विचारावेत.

मात्र लघवी अडली, शौचावरील ताबा सुटला, मांड्यांच्या आत बधिरता आली किंवा पाय लुळे पडू लागले, तर एक दिवसही दवडू नये. पाठ चोळून वा मोडून घेऊ नये. नसरापूर किंवा कापूरहोळमार्गे थेट पुणे गाठावे. तेथे सरकारी ससून रुग्णालय आहे.

मुलीचे दुखणे तर लग्नाच्या चिंतेने झाकले जाते. झाकलेली नस सुधारत नाही, भगिनींनो!

आमचा मुलगा आज चालतो. परंतु तो वाया गेलेला महिना आम्हांस विसरता येत नाही. तो आपणांपैकी कोणाच्याही घरी न यावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.