गुण बुद्धीचे की शाळेचे?

(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मृतीविषयी शंका आली म्हणजे डॉक्टर पुष्कळदा तीस गुणांची एक छोटी परीक्षा घेतात. अमेरिकेत फोलस्टीन दांपत्य व मॅकह्यू यांनी ती १९७५ साली प्रसिद्ध केली. आजची तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करीत जा, एक वाक्य लिहा, दोन पंचकोन पाहून काढा, असे तिचे स्वरूप. चोविसांहून कमी गुण पडले की रोगाची शंका घ्यावयाची, असा प्रघात पडला.

माझ्या आत्याबाईंना तीत अठरा गुण पडले. तारीख सांगता आली नाही. तिथी मात्र त्यांनी अचूक सांगितली, आणि एकादशीला किती दिवस उरले तेही. परीक्षकाच्या कागदावर तिथीला गुण नव्हते. पंचकोन त्या कशा काढणार? पेन्सिल जन्मात हाती धरलेली नव्हती. त्यांचे पाठचे बंधू मॅट्रिक झालेले; त्यांना अठ्ठावीस. एकच घर, एकच रक्त, एकाच चुलीवरचे अन्न! ‘आपल्या ज्ञातीची बुद्धी’ हे शब्द आपल्या व्यासपीठावरून वारंवार ऐकू येतात. आपण लेकींना किती वर्षे शाळेत बसू दिले, याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही.

अमेरिकेतील अठरा हजारांहून अधिक प्रौढांचे गुण १९९३ साली प्रसिद्ध झाले. नऊ किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांत मधल्या माणसाला २९, पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांत २६, आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांत अवघे २२. म्हणजे या शेवटच्या वर्गातील निम्मी माणसे त्या एका रेषेने संशयित ठरावयाची! वयाचाही परिणाम आहेच. पंचविशीच्या आत २९, तर ऐंशीच्या पुढे २५.

हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी परीक्षा सिद्ध झाली. तिचा वृत्तान्त १९९५ साली प्रसिद्ध झाला. तीत ‘डोळे मिटा’ हे वाचावयास न देता ‘मी करतो तसे करा’ असे सांगतात.

सुशिक्षितांचा धोका याच्या उलट आहे. शाळेच्या पुण्याईवर सत्तावीस गुण मिळविणारे गृहस्थ घरची वाट चुकू लागलेले असू शकतात, आणि कागद मात्र त्यांना निरोगी म्हणतो.

आपल्या आरोग्य-शिबिराच्या नोंदपत्रकात वयाशेजारी ‘शिक्षणाची वर्षे’ असा रकाना घालावा, अशी कार्यकारिणीस माझी विनंती आहे.