तिशीतली आई

आज मी तुमच्याशी रीमा लागू यांच्याविषयी बोलणार आहे. पण सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करते, कारण ती सांगितल्याशिवाय मला हा विषय नीट मांडताच येणार नाही.

१९८८ सालची गोष्ट. मी मुंबईत एका बँकेत कारकून होते. त्या काळी बँकांमध्ये नाटकाचं वेड मोठं. आंतरबँक स्पर्धा जवळ आली, की संध्याकाळी कँटीनमधली टेबलं भिंतीला सरकायची आणि तालमी सुरू व्हायच्या. आधीची दोन वर्षं मी नायिका केली होती. तिसऱ्या वर्षी भूमिकांची वाटणी झाली आणि माझ्या वाट्याला आली आई! मी २९ वर्षांची. मुलाचं काम करणारा आमचा सहकारी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, चांगला मिशीवाला. दिग्दर्शक म्हणाले, "अहो, नायिका कुठेही मिळते, आई मिळत नाही." मला ते अपमानासारखं लागलं. संहिता टेबलावर ठेवली, पर्स उचलली आणि लोकल पकडून घरी आले. परत तालमीला गेले नाही. त्या वर्षीच नव्हे, कधीच नाही.

त्याच वर्षी 'कयामत से कयामत तक' लागला. जुही चावलाच्या आईचं काम करणारी बाई पडद्यावर आली आणि मी खुर्चीत सरसावून बसले. अरे, ही तर आपली रीमा! जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकात नाना पाटेकरांसमोर ताठ उभी राहणारी अंबिका. 'सविता दामोदर परांजपे' पाहून आलेली माणसं घरी जाताना जिच्याविषयी दबक्या आवाजात बोलायची, ती. आणि मुख्य म्हणजे तीसुद्धा बँकेतली, युनियन बँकेतली. ऑफिस सांभाळून नाटक करणारी. (मी एकेरी उल्लेख करते आहे, तो आपलेपणाने. तिचा जन्म १९५८चा, माझा १९५९चा.) म्हणजे तीही तेव्हा जेमतेम तीस वर्षांची. जुही तिच्याहून नऊच वर्षांनी लहान.

मी नाकारलं ते तिने स्वीकारलं होतं. मला तेव्हा तिचा राग आला होता, हे आज कबूल करते.

तिचं माहेरचं नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री, 'लेकुरे उदंड जाली'मुळे लोकांना ठाऊक असलेल्या. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत. पुढे बँक, नाटक, विवेक लागूंशी लग्न. डॉ. जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये (१९७९) ती होती, गोविंद निहलानींच्या 'आक्रोश'मध्ये (१९८०) होती. दूरदर्शनवर १९८५ साली 'खानदान' मालिका आली, त्यात होती. एवढी शिदोरी बांधून ती हिंदी सिनेमात गेली आणि सिनेमाने तिला विचारलं काय, तर "आई करता का?"

आता जरा वयाचा हिशेब करू. आम्ही बँकेतली माणसं, आकडे जुळले नाहीत की आम्हाला चैन पडत नाही. १९८९ साली 'मैंने प्यार किया' आला. रीमा ३१ वर्षांची, मुलगा झालेला सलमान खान २४. १९९४च्या 'हम आपके हैं कौन'मध्ये माधुरी दीक्षित तिची मुलगी. दोघींत नऊ वर्षांचं अंतर. आणि कळस म्हणजे १९९९चा 'वास्तव'. त्यात संजय दत्त तिचा मुलगा. तो तिच्याहून एकाच वर्षाने लहान!

हे नवं नव्हतं म्हणा. 'मदर इंडिया'त नर्गिस आणि तिचा मुलगा झालेला सुनील दत्त यांच्या वयात तर पाचच दिवसांचं अंतर. पण पुरुषांचं काय होतं? अनुपम खेर यांनी 'सारांश'मध्ये (१९८४) तरणा मुलगा गमावलेला म्हातारा केला, तेव्हा तेही तिशीच्या आतच होते. लोकांनी ती कमाल मानली, आणि मानायलाच हवी. पण त्यानंतर त्यांना खलनायक मिळाला, विनोदी भूमिका मिळाल्या, सगळं मिळालं. रीमाने एकदा केस पांढरे केले आणि सिनेमाने तिला आईच्या खोलीत नेऊन बसवलं. हा अन्याय होता. तो गोड शब्दांत झाकू नये असं मला वाटतं.

मग तिने त्या खोलीत काय केलं? तिने खिडक्या उघडल्या. तिच्या आधीच्या पडद्यावरच्या आया आठवा. पांढरं लुगडं, शिवणयंत्र, खोकला आणि डोळ्यांत पाणी. रीमाची आई चांगली साडी नेसायची, मोकळी हसायची, मुलांची चेष्टा करायची. 'रंगीला'मधली उर्मिलाची आई पाहा, आपल्या शेजारच्या ब्लॉकमधली वाटते. आणि 'वास्तव'मध्ये शेवटी ती स्वतःच्या पोराला गोळी घालते, तेव्हा तो प्रसंग आक्रस्ताळा होत नाही. 'मदर इंडिया'तही आई मुलाला गोळी घालते. तिथे गोळी झेलणारा सुनील दत्त, इथे त्याचाच मुलगा. एवढं ओझं असलेला प्रसंग, पण रीमाने तो रोजच्या स्वयंपाकघरातल्या बाईसारखा केला. म्हणूनच तो अंगावर येतो. फिल्मफेअरसाठी तिला सहायक अभिनेत्री म्हणून चार नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही.

सिनेमाने जे दिलं नाही, ते दूरदर्शनने दिलं. ज्या १९९४ साली ती माधुरीची आई झाली, त्याच वर्षी 'श्रीमान श्रीमती' सुरू झालं. त्यातली कोकी कुलकर्णी ही कोणाची सोशिक आई नव्हती. ती जतीन कनाकियांच्या केशवची बायको, आणि शेजारचा दिलरुबा तिच्या मागे लागलेला! मोठ्या पडद्यावर जिला लोक म्हातारी समजत होते, तिच्यावर छोट्या पडद्यावर शेजारी लाइन मारत होता. बाई तीच, वयही तेच. पुढे सचिन पिळगावकरांच्या 'तू तू मैं मैं'मध्ये ती सुप्रियाची सासू झाली. ती सासू भांडकुदळ, हट्टी आणि तरीही हवीहवीशी. आमच्या घरी ती मालिका लागली, की सासूबाई आणि मी एकाच पलंगावर बसून हसायचो. त्या रीमाकडे बोट दाखवायच्या, "बघ, मी अशी आहे का?" मी म्हणायचे, "छे हो!" आणि मग आम्ही दोघी आणखी हसायचो. आमच्यातल्या बऱ्याच गोष्टी त्या अर्ध्या तासात न बोलता मिटल्या.

१७ मे २०१७ रोजी ती 'नामकरण' मालिकेच्या चित्रीकरणात होती. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. वय ५८. म्हणजे खऱ्या म्हाताऱ्या भूमिकांचं वय आता कुठे येत होतं. तिची मुलगी मृण्मयी लेखिका झाली. २०२०च्या 'थप्पड'च्या लेखनात तिचा वाटा आहे. भूमिका वाट्याला येण्याची वाट न पाहता भूमिका लिहिणारी पोर, याचं मला फार बरं वाटलं.

२०२०च्या टाळेबंदीत 'श्रीमान श्रीमती' पुन्हा लागलं. नात शेजारी बसली होती. तिने विचारलं, "आजी, ही किती वर्षांची आहे गं यात?" मी हिशेब केला, ३६. त्या वयात मी काय करत होते? लेजर जुळवत होते, आणि स्पर्धा आली की प्रेक्षकांत बसून इतरांची नाटकं बघत होते. मी आईची भूमिका नाकारली, त्यात माझा मान राहिला खरा. पण नाटक गेलं. वाट्याला आलेलं काम छोटं म्हणून रीमाने रंगमंच सोडला नाही. तिने काम मोठं केलं.

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीतली एक तरुण मुलगी वही घेऊन दारात उभी राहिली. चाचरत म्हणाली, "मावशी, एकांकिका बसवतोय. आजीचं काम आहे. तुम्हाला चालेल का?"

मी म्हटलं, "तालीम किती वाजता?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)