जाम झालेला व्हील स्टड

उमरखेड परिसरात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकात बसतो, ओल धरून ठेवतो आणि नट स्टडवर गंजून जाम होतो. लगेच पान्याला पाइप लावून जोर करू नका, स्टड तुटेल. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या.

तरीही स्टड बदलावा लागलाच, तर तो हबमध्ये मागून दाबून बसवलेला असतो, हे लक्षात ठेवा. निघतोही मागच्याच बाजूला. घणाचे घाव घातले तर बेअरिंग जातं. प्रेसने किंवा पुलरनेच काढून घ्या. गॅसची ज्योत तर नकोच, ग्रीस आणि सील जळतात. नवे नट गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाने कसा आणि साधारण १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.