फुटाला अर्धा इंच

आम्ही महाड-पोलादपूरकडच्या बचत गटांतल्या बाया. आज सांगणार आहोत, लढाईतल्या विमानाचा नमुना पुठ्ठ्यातून कसा करायचा ते. विमानाशी आपलं काय काम, असं म्हणू नका. फौजी आंबवडे आपल्याच महाड तालुक्यातलं. इथल्या घराघरातून माणसं लष्करात गेली. त्यांच्या लढाया आपण नुसत्या ऐकल्या.

आम्ही शाळेतल्या मुलांसाठी नौदलाचं ‘सी हॉक’ केलं. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरला ही विमानं ‘विक्रांत’ जहाजावरून उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले केले. जहाजाचा एक बॉयलर तडकलेला होता, वेग कमी होता. तरीही ते लढलं.

आता माप. खरं विमान पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३९ फूट. आम्ही फुटाला अर्धा इंच धरला. म्हणजे पंख साडेएकोणीस इंच. ब्लाऊज बेतताना आपण हेच करतो: आधी माप, मग कागद, मग कात्री. एकदा धरलेलं माप शेवटपर्यंत सोडायचं नाही. शेजारी साडेपाच फुटी माणूस पावणेतीन इंचांचा करून उभा करा, म्हणजे विमान केवढं होतं ते मुलांना लगेच कळतं. याच मापाने ७०० फुटी विक्रांत करायचं तर २९ फूट जागा लागेल. अंगणही पुरणार नाही!

धडासाठी पुठ्ठ्याच्या लहानमोठ्या चकत्या कापा, बांबूच्या कामटीत ओवा आणि वरून वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवा. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की कीड लागत नाही. मात्र ते विषारी आहे, मुलांना हात लावू देऊ नका. आपल्याकडची हवा दमट, म्हणून एक थर पुरता वाळल्यावरच दुसरा द्या.

बारकावे सोडू नका, कारण प्रत्येकाला कारण आहे. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख वर दुमडतात. तिथे कापडी पट्टीची बिजागरी करा. शेपटीखाली तारेचा आकडा लावा. उतरताना तो जहाजावर आडव्या ताणलेल्या दोरात अडकतो, म्हणून विमान थोडक्या जागेत थांबतं. गोल चिन्ह रंगवताना बाहेर केशरी, मग पांढरा, मधोमध हिरवा.

विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झालं, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून राहिलं आणि २०१४ मध्ये भंगारात निघालं. खरं सी हॉक पाहायचं तर आपल्याच महामार्गाने गोव्याला जा. बोगमाळोजवळ नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे.

आणि हे मुलग्यांचं खेळणं समजून मुलींना बाजूला बसवू नका. डिसेंबर २०१९ मध्ये सब लेफ्टनंट शिवांगी नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या. कात्री आणि टेप मुलींच्याही हाती द्या. माप धरायला त्या आपल्याकडूनच शिकतील.