वहीच्या समासातील नोंद
(सुवर्णमहोत्सवी वर्षात सियालदह येथे भरलेल्या सभेत शिक्षण-उपसमितीच्या वतीने केलेले भाषण)



आज आपण ज्या भागात जमलो आहोत, तेथून जाणाऱ्या सर्क्युलर रोडच्या पोटात आपल्या पूर्वजांची एक आठवण पुरलेली आहे. 1742 मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्त्याभोवती खंदक खणण्यात आला. तो अपुराच राहिला, आणि पुढे बुजवून त्यावरून रस्ता नेण्यात आला. ज्यांना अडविण्यासाठी हा खंदक खणला, त्यांचे वंशज आज त्यावरून भाजीच्या पिशव्या घेऊन जातात, आणि हे शहर त्यांना आपले म्हणते. या ऋणाची फेड कशी करावी, हा प्रश्न सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यासमोर असणे स्वाभाविक आहे. आमच्या उपसमितीला त्याचे एक उत्तर सापडले आहे. परंतु ते आम्हांला आमच्या चुकीतून सापडले, हे प्रथमच कबूल केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आपल्या मुलांच्या विज्ञान-प्रकल्पांची स्पर्धा झाली. परीक्षक आम्हीच होतो. पहिले पारितोषिक आम्ही जलशुद्धीकरण केंद्राच्या एका देखण्या प्रतिकृतीला दिले. थर्माकोलच्या टाक्या, निळे दिवे, फिरणारा पंखा. पाहणाऱ्यांची गर्दी हटत नव्हती. शेजारच्या मेजावर नववीतील एक मुलगी केवळ एक वही घेऊन उभी होती. तिच्या घरी काम करणाऱ्या बाई रोज पहाटे हाबऱ्याहून बनगाव मार्गाच्या गाडीने सियालदहला येत. बंगालीत मावशीला ‘माशी’ म्हणतात, हे ऐकून आपल्याकडचे पाहुणे हसतात. पण या माशींनीच त्या मुलीला लहानाचे मोठे केले होते. त्यांच्या पाड्यातील अकरा हातपंपांचे पाणी तिने शिक्षकांच्या मदतीने आर्सेनिकसाठी तपासले. पाण्यातील आर्सेनिकचा वायू करून तो रसायन लावलेल्या कागदावर सोडावयाचा. कागद पिवळा पडला तर थोडे, तपकिरी झाला तर अधिक, अशी ती साधी परीक्षा.

माशींच्या स्वतःच्या पंपापुढे मात्र दोन दिवसांची दोन उत्तरे होती: एकदा फिकट पिवळे, एकदा गडद तपकिरी. ‘निरीक्षणांत सुसंगती नाही’ असा शेरा मारून आम्ही गुण कापले.

स्पर्धेनंतर ती मुलगी रडत बसली नाही. तिने त्या पंपाच्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पाठविली. प्रमाण मर्यादेहून पुष्कळ अधिक निघाले. मग आम्ही वही पुन्हा मागवून घेतली, आणि समासातील बारीक अक्षरांतील नोंद प्रथमच वाचली: ‘पहिले पाणी रात्रभर कळशीत ठेवलेले, तळाशी तांबूस गाळ, दुसरे ताजे.’ सारे रहस्य या एका ओळीत होते. भूजलातील लोह हवेशी संयोग पावून तांबूस गाळाच्या रूपाने खाली बसते आणि जाताना काही आर्सेनिक आपल्यासोबत ओढून नेते. म्हणून शिळे पाणी कमी दूषित भासले. ज्याला आम्ही विसंगती म्हटले, तोच तिचा शोध होता.

पश्चिम बंगालमधील आर्सेनिकचे पहिले रुग्ण 1983 मध्ये येथल्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी ओळखले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळल्याने ते जात नाही. पाणी आटल्याने उलट दाट होते. मात्र एक दिलासा आहे. एका पंपात ते असेल आणि वीस पावलांवरच्या पंपात नसेलही. म्हणून तपासणीलाच औषधाचे मोल येते.

मोठे संशोधन मोठ्या यंत्रांविना होत नाही, असे ज्यांना वाटते, त्यांनी सियालदहकडे पाहावे. येथील कॅम्पबेल रुग्णालयात, म्हणजे आजच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात, उपेन्द्रनाथ ब्रह्मचारी यांनी 1920 मध्ये काळा आजारावरील युरिया स्टिबामाइन सिद्ध केले. त्या खोलीत गॅस नव्हता, नळ नव्हता. रात्री रॉकेलचा दिवा. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचे द्रव संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा यांचे पाणी पटकीच्या रुग्णांना पाजले. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. तसेच 1997 पासून शिवपूरच्या बंगाल अभियांत्रिकी महाविद्यालयाने अमेरिकेतील लीहाय विद्यापीठाच्या साहाय्याने खेड्यांतील पंपांना ॲल्युमिनाचे स्तंभ जोडले. त्यांत वरच्या भागात लोहाचा गाळ अडतो, आणि पुढे ॲल्युमिना उरलेले आर्सेनिक धरून ठेवते. आपल्या मुलीने कळशीच्या तळाशी पाहिले, तेच येथे उपयोगाला आणले आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हा विचार रुजला आहे. मुंबईच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी खेड्यांतील नळयोजनांचा अभ्यास करीत आले आहेत. 2016 मध्ये शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियानाद्वारे इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही अशा कामाची वाट मोकळी केली.

म्हणून आमची विनंती आहे की, सुवर्णमहोत्सवी निधीचा एक भाग विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी राखून ठेवावा. त्यातून शोभेच्या प्रतिकृती नव्हेत, तर प्रयोगशाळेतील तपासणीचा खर्च द्यावा. नियम तीनच असावेत. प्रश्न आपल्या वस्तीतील पाण्याचा, हवेचा वा आरोग्याचा असावा. न जुळणारी निरीक्षणेही वहीत राहावीत. आणि निष्कर्ष, ज्यांचे पाणी घेतले, त्यांच्या दारी जाऊन सांगावा.

हा तिसरा नियम त्या मुलीने आम्हांला शिकविला. ती हाबऱ्याला गेली, शेजारचा पंप मर्यादेत असल्याचे तिने माशींना दाखविले, आणि त्या घराचे पिण्याचे पाणी बदलले. माशींच्या तळहातांवर खडबडीत ठिपके होते. ते आम्ही सर्वांनी पाहिले होते. वर्षानुवर्षे भांडी घासून पडलेले घट्टे, असेच आम्ही समजत होतो. ज्या हातांनी आमच्या घरी चहा दिला, ते हात एकदाही नीट पाहण्याची बुद्धी आम्हां परीक्षकांना झाली नाही. त्या नववीतल्या मुलीला झाली.

तिचे पारितोषिक देणे अजून राहिले आहे. ते आज, या सभेत, आपल्या सर्वांच्या साक्षीने द्यावे, अशी आमची नम्र प्रार्थना आहे.